विठ्ठलवाडीची तिसरी भिशी

१० जुलै २०२३, सोमवार. आमच्या लोकलच्या लेडीज डब्यातल्या ग्रुपमधली, विठ्ठलवाडीहून चढणारी, गाडीला आली नाही. एखादी न येणं ही काही बातमी नव्हे. मुलाला ताप असतो, सासूबाईंचं काही निघतं, कधी नुसता कंटाळा असतो. पण तो भिशीचा दिवस होता, आणि आदल्याच महिन्यात तिने वीस हजारांची भिशी उचलली होती. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. फोन बंद. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक. शुक्रवारपर्यंत डब्यात एक शब्द फिरायला लागला होता: बुडवली.

भिशीची वही माझ्याकडे होती, म्हणून हे प्रकरण मी लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, गाडीची वेळ मुद्दाम दिलेली नाही. नावंही दिलेली नाहीत, आणि ते फार अवघड गेलं नाही. कारण आम्हाला एकमेकींची पूर्ण नावं ठाऊकच नव्हती.

डबा

सकाळची बदलापूर फास्ट, बारा डब्यांची, मधला लेडीज. बदलापूर काकू तिथूनच चढतात. सरकारी कार्यालयात नोकरी, निवृत्तीला तेव्हा चार वर्षं होती. अंबरनाथहून टीचर, तिची शाळा भायखळ्याला. विठ्ठलवाडीहून आमच्या प्रकरणातली, पस्तिशीची, मशीद स्टेशनजवळच्या एका खासगी ऑफिसात डेटा एन्ट्री करणारी. कल्याणला एकदम पाच जणी, त्यांत कुर्लावाली आणि घाटकोपरवाली. घाटकोपरवाली पुढे मेट्रोने अंधेरीला जाते. मी डोंबिवलीची, दादरला उतरणारी. पण डोंबिवलीला सकाळी बदलापूर फास्टमध्ये शिरणं माझ्याच्याने कधी जमलं नाही. म्हणून आधी उलटी कल्याणला जायचे आणि तिथे चढायचे. त्यासाठी पासही कल्याणपासूनचाच काढायचे, नाहीतर टीसीपुढे बोलायला जागा उरत नाही.

या डब्यात सीट मिळवण्याची एक पद्धत आहे. बाहेरच्याला तो नुसता गलका वाटतो. चढल्या चढल्या विचारायचं, "ठाणे कोण? घाटकोपर कोण?" एखादी म्हणते, "मी ठाणे, पण सांगितलीय." म्हणजे तिच्या मागे कुणीतरी नंबर लावून ठेवलाय. मग विचारायचं, "तुमच्यामागे कोण?" आणि त्या मागचीच्या मागे आपण. कागद नाही, टोकन नाही, तरी एकेका सीटवर तीन-तीन बायकांचा क्रम तोंडी ठरतो आणि बहुतेक वेळा पाळला जातो. ग्रुपमध्ये याच्यापुढची पायरी असते. बदलापूर काकू ठाण्याला उठून उभ्या राहणार आणि कल्याणवाली दादरपर्यंत बसणार, असं अर्धं-अर्धं. तीन जणींच्या बाकावर चौथी अर्ध्या मांडीवर टेकणार, तेही पाळीपाळीने. पाळी चुकवणारीला दुसऱ्या दिवशी कुणी काही बोलत नाही, फक्त तिच्यासाठी सीट धरली जात नाही. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

ग्रुपची वाईट बाजूही सांगते, नाहीतर चित्र फारच गोड होईल. हीच माणसं पर्स टाकून चार सीट अडवतात. हीच दारात अशी उभी राहतात की डोंबिवलीच्या बाईला पाय ठेवता येऊ नये. रेल्वे कायद्याच्या कलम १५५ नुसार आपल्यासाठी आरक्षित नसलेल्या डब्यात दुसऱ्या प्रवाशाला चढू न देणं हा दंडाचा गुन्हा आहे, दंड दोनशे रुपयांपर्यंत. आमच्यातल्या कुणाला तो कधी झाला नाही. व्हायला हवा होता असे दिवस मला आठवतात. मी स्वतः डोंबिवलीची असून कल्याणहून चढल्यावर डोंबिवलीच्या बायकांकडे पाठ करून उभी राहिले आहे.

ग्रुपात ती कशी आली

२०२० च्या मार्चमध्ये लोकल थांबल्या, तेव्हा आम्ही तेरा जणी होतो. २१ ऑक्टोबर २०२० पासून बायकांना परवानगी मिळाली, पण सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. नऊ-साडेनऊला टेबलावर पोचायचं असणाऱ्या बाईला त्या परवानगीचं काय लोणचं घालायचं? खरी सुरुवात २०२१ च्या ऑगस्टमध्ये झाली, दोन डोस घेतलेल्यांना पास मिळायला लागले तेव्हा. आम्ही परत भेटलो तर नऊच होतो. चौघी आल्याच नाहीत. एकीची नोकरी गेली होती एवढं कळलं. बाकीच्या तिघींचं काय झालं ते आजपर्यंत माहीत नाही. त्यांतल्या एकीचं डोहाळजेवण आम्ही याच डब्यात केलं होतं, मुलुंड ते कुर्ला, फुलांची वाडी घालून. तिला मुलगा झाला की मुलगी, तेही ठाऊक नाही.

हे मी अशासाठी सांगते आहे की धोक्याची घंटा तेव्हाच वाजली होती आणि आम्ही ती ऐकली नाही.

त्याच महिन्यात विठ्ठलवाडीची डब्यात आली. पहिले काही दिवस दारातच उभी असायची. एकदा कळव्याच्या पुढे गाडी अर्धा तास अडकली, बदलापूर काकूंना घाबरल्यासारखं झालं, घाम फुटला. या मुलीने पर्समधून लिमलेटची गोळी काढून दिली, वहीच्या पुठ्ठ्याने वारा घातला आणि दादर येईपर्यंत त्यांचा हात सोडला नाही. दुसऱ्या दिवशी काकूंनी तिच्यासाठी चौथी सीट धरली. एवढाच प्रवेश-विधी. नवरात्रात रंगाची साडी विसरली तर टीचरची ओढणी घेऊन फोटोला उभी राहायची. संक्रांतीला तिने डब्यातल्या हळदीकुंकवात सगळ्यांना चहाची गाळणी वाटली होती. तिच्या सासूची शुगर किती, मुलाला गणितात किती पडले, नवरा महिन्याच्या कोणत्या तारखेनंतर चिडचिड करतो, हे सगळं आम्हाला माहीत होतं. आडनाव माहीत नव्हतं.

भिशी

एप्रिल २०२३ मध्ये दहा जणींची नवी भिशी सुरू केली. महिन्याला दोन हजार, दहा महिने, दर दहा तारखेला वीस हजार एकीला. चिठ्ठी आमच्यापैकी कुणी काढायची नाही, क्लिपवाली काढणार. ही आमच्या डब्यात क्लिपा, कानातली, ओढण्यांच्या पिना विकते. परवाना नसल्याने आरपीएफ दिसलं की टोपली साडीच्या पदराखाली जाते. तिचा कुणाशी लागाबांधा नाही, म्हणून तिचा हात. अडीनडीला मात्र चिठ्ठीविना द्यायची असंही ठरलेलं होतं. जूनमध्ये विठ्ठलवाडीचीने मुलाच्या अकरावीच्या क्लासची फी सांगितली आणि तिसरी भिशी तिला दिली. तोवर तिचे सहा हजार भरून झाले होते, हातात वीस आले. म्हणजे चौदा हजार देणं.

लोक विचारतात, पतपेढी आहे, बचत गट आहे, मग गाडीत पैसे कशाला? बचत गटाला बैठक लागते, ठराव लागतो, सह्या लागतात. आमच्यातली सर्वांत लवकर घरी पोचणारी साडेसातला पोचते. आमच्याकडे एकच मोकळा वेळ असतो, तो गाडीत उभ्याने जातो. दुसरं कारण कुणी मोठ्याने बोलत नाही. दहापैकी निदान सहा जणींच्या घरी या भिशीचा पत्ता नव्हता. पगार खात्यात येतो, त्या खात्याचं कार्ड नवऱ्याकडे. जेवणाच्या डब्याच्या, रिक्षाच्या, साडीच्या पैशांतून वाचवलेले दोन हजार रोखीत भिशीत टाकायचे. बहिणीला द्यायला, आईच्या चष्म्याला, आणि एकीने स्पष्टच सांगितलं होतं, "वेळ आलीच तर निघून जायला."

बँकेला तारण लागतं. आमचं तारण होतं ती सीट. उद्या याच डब्यात, याच बायकांसमोर तोंड दाखवायचंय, एवढ्यावर वीस हजार फिरत होते. दहा-बारा वर्षांत कुणी बुडवली नव्हती. त्याचं श्रेय आम्ही एकमेकींच्या स्वभावाला देत होतो. वेळापत्रकाला द्यायला हवं होतं.

जुलै ते ऑगस्ट

दहा जुलैची भिशी घाटकोपरवालीला लागली होती. हातात अठराच हजार. तिने घाटकोपरला उतरायच्या आधी ते दोनदा मोजले आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात तीन मतं पडली. टीचरचं म्हणणं, पोलिसांत जाऊ. पण सांगणार काय? पैसे रोख दिलेले, पावती नाही, तक्रार कुणाविरुद्ध तर "विठ्ठलवाडी" नावाने सेव्ह केलेल्या नंबरविरुद्ध. दुसरं मत, ज्यांची भिशी अजून लागायचीय त्यांनी दोन हजार कमी घ्यावेत. हे अर्थातच ज्यांची लागून गेली होती त्यांचं मत होतं. तिसरं, वहीवालीने भरावेत, कारण तिला चिठ्ठीविना भिशी द्यायला मीच होकार दिला होता. हे मला झोंबलं. बरोबरही होतं.

शेवटी काकूंनी तोडगा काढला. नऊ जणींनी महिन्याला दोनशे जादा द्यायचे, त्याचे अठराशे होतात, उरलेले दोनशे माझे. म्हणजे माझे चारशे. भिशी पूर्ण वीस हजारांचीच लागेल, आणि ती सापडून पैसे आले तर ज्याचे त्याला परत. जुलैचा खड्डाही तसाच भरून घाटकोपरवालीचे दोन हजार दिले.

खरा वाद पैशांचा झालाच नाही, पत्त्याचा झाला. कल्याणवाल्या एकीचा दीर विठ्ठलवाडीला राहतो. ती म्हणाली, फोटो दाखवून दोन दिवसांत घर शोधून देते. सगळ्या हो म्हणाल्या, फक्त कुर्लावाली आडवी आली.

"शोधशील. दार कोण उघडेल? तिचा नवरा. काय सांगशील, तुझ्या बायकोने आमचे वीस हजार नेले? त्याला भिशीच माहीत नसेल तर?"

"मग आमचे पैसे गेले तरी चालतील?"

"चौदा हजारांसाठी मी कुणाच्या घरात काडी टाकणार नाही. उद्या माझ्याही घरी याल."

ठाणे आलं, गर्दी घुसली, विषय तुटला. पण त्यानंतर घर शोधायचं नाव कुणी काढलं नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा लक्षात आलं की पत्ता नसणं हा आमचा निष्काळजीपणा नव्हता. ज्या जागेपर्यंत घर पोचत नाही अशी आमच्यापैकी बऱ्याच जणींची ही एकच जागा होती, आणि पत्ता न विचारणं हा तिथला न बोललेला नियम होता. भिशी त्या नियमावर चालत होती आणि त्याच नियमामुळे अडकली होती.

ऑगस्टच्या भिशीनंतर आठवड्याभराने क्लिपवाली म्हणाली, "ती तुमची विठ्ठलवाडीवाली ना? ती आता उशिराच्या स्लोला असते. ठाण्याला उतरते, पनवेल-वाशीच्या फलाटाकडं पळते." आम्ही सहा आठवडे डोकं फोडत होतो आणि हिला माहीत होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती रोज आठ-दहा गाड्या बदलते. तिला सगळे डबे माहीत असतात, आम्हाला एकच.

ठाणे, शनिवार

मी आणि कुर्लावाली हाफ डे टाकून गेलो. ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे पनवेल-वाशी गाड्यांच्या, फलाटाच्या जिन्यापाशी उभ्या राहिलो. ती जिन्याने येताना आम्हाला दिसली, तिने आम्हाला पाहिलं, आणि एक पाऊल मागे घेतलं. मागून लोंढा येत होता म्हणून ती खाली आली, एवढंच.

"ताई, मी रोज ठरवायचे," ती म्हणाली, आणि पुढे बोलवेना.

हळूहळू कळलं ते असं. जूनच्या शेवटी ऑफिस ऐरोलीला हललं. वेळ बदलली, गाडी बदलली. आम्हाला सांगायचं होतं, पण त्याच आठवड्यात दारात उभी असताना हातातला मोबाइल गेला. नंबर एकाही बाईचा पाठ नव्हता. नवीन सिम नवऱ्याच्या नावावर घेतलं, म्हणून ग्रुपात परत यायला धजली नाही. ऑफिस हलवण्याच्या गोंधळात जूनचा पगार अर्धाच झाला होता.

"एक दिवस लवकर निघून आमच्या गाडीला यायचंस," मी म्हटलं. "पैसे नसते आणले तरी चाललं असतं."

"रिकाम्या हाताने कशी येऊ, ताई? दहा तारीख गेली. मग वाटलं अकराला जाऊ. मग पंधरा झाली. मग वाटलं, आता सगळ्या मला चोर म्हणत असतील."

म्हणत होत्याच. मी गप्प राहिले. कुर्लावालीने विचारलं, "घरी ठाऊक आहे?" तिने मान हलवली. नाही.

तिची बाजू मी पूर्ण मान्य केलेली नाही, हे नोंदवून ठेवते. मोबाइल चोरीला जाणं खरं, पगार अडकणं खरं, पण सहा आठवड्यांत एकदा क्लिपवालीबरोबर निरोप धाडता आला असता. ती त्या स्लोलाही विकायला येतेच. लाजेपायी माणूस वाईट दिसेल असं वागतो आणि मग दिसण्याची लाज आणखी वाढते. हे समजतं. तरी घाटकोपरवालीने दोनदा मोजलेल्या नोटा माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

ठरलं ते असं: महिन्याला हजार, क्लिपवालीच्या हाती, पाकिटात. दिवाळीचा बोनस आला तर त्यातून जास्त. क्लिपवालीला यासाठी काही द्यायचं का यावर आमची पुन्हा चर्चा झाली. तिने हात झटकले. "क्लिपा घ्या की जरा जास्त." त्या वर्षी आमच्या सगळ्यांच्या घरी क्लिपांचा ढीग झाला.

हिशेब

सप्टेंबर ते जानेवारी दर महिन्याला एकेक हजार आले. दिवाळीला चार हजार वेगळे. जानेवारी २०२४ मध्ये भिशी संपली तेव्हा चौदापैकी नऊ हजार जमा होते. उरलेले पाच फेब्रुवारीपासून महिन्याला हजाराने आले. जून २०२४ मध्ये खातं शून्य झालं. जादा भरलेले पैसे ज्याचे त्याला परत गेले. प्रत्येकीचे चौदाशे, माझे अठ्ठावीसशे. टीचरने तिचे चौदाशे घेताना "व्याज?" असं विचारलं. थट्टेत विचारलं असं ती नंतर म्हणाली.

ग्रुपात ती परत आली नाही. वेळच जुळत नव्हती. ठाणे-वाशी गाडीत तिला दुसरा ग्रुप मिळालाय असं क्लिपवाली सांगते. तिथे भिशी आहे का, ते मी विचारलं नाही.

लोकलमधल्या बायकांसाठी काय केलं पाहिजे यावर बोलताना ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली मार्गावर सुरू झालेल्या लेडीज स्पेशलचं नाव निघतंच. पूर्ण गाडी बायकांची, ही मोठीच गोष्ट होती. पण आमच्या या प्रकरणाकडे बघितलं की वाटतं, आमच्यासारखीचा जीव डब्यापेक्षा वेळेत अडकलेला असतो. गाडी दहा मिनिटांनी हलली, ऑफिस खाडीपलीकडे गेलं, की बारा वर्षांची मैत्री एका आठवड्यात संपते. त्यात कुणाचं भांडण झालेलं नसतं, कुणी निरोपही घेतलेला नसतो. २०२० मध्ये हरवलेल्या त्या तिघी आता मला वेगळ्या दिसतात. त्यांच्याकडे आमचं काही येणं नव्हतं, म्हणून आम्ही त्यांना शोधलंच नाही.

नवी वही

जुलै २०२४ ला पुन्हा भिशी काढायचं ठरलं. मी नवी वही घेतली आणि रकाने आखले. पूर्ण नाव, पत्ता, दुसरा एक नंबर. शहाणपणा शिकल्याच्या थाटात वही फिरवली.

दोघींनी ती तशीच पुढे सरकवली. कल्याणवाली म्हणाली, "नाव लिहिते, पत्ता नको." दुसरी तेही म्हणाली नाही. "मग पतपेढीतच टाकते ना," एवढं बोलून खिडकीबाहेर बघायला लागली. कुर्लावालीने माझ्याकडे पाहिलं. मी पेनने पत्त्याच्या रकान्यावर आडवी रेघ मारली. नंबराचा रकाना ठेवला, त्यावर लिहिलं: घरचा नको, मैत्रिणीचा चालेल.

वही बदलापूर काकूंकडे गेली. त्यांनी चष्मा लावून नीट अक्षरात नाव, वडिलांचं नाव, आडनाव लिहिलं. बारा वर्षांत ते मी पहिल्यांदा वाचलं. सुंदर नाव होतं, आणि त्यांच्या चेहऱ्याला ते अजिबात जुळेना. मुंब्रा गेलं, दारापाशी गलका सुरू झाला.

"काकू," मी म्हटलं, "ठाण्याची तुमची सीट सांगितलीय का कुणी?"